धंदा कसा चाललाय? एका जळालेल्या पुस्तकांच्या दुकानाचं प्रकरण

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एका पुस्तकविक्रेत्याची विचित्र कोंडी झाली. शिकागो अ‍ॅव्हेन्यूवरचं त्याचं दुकान मे महिन्याच्या शेवटी जळून खाक झालं होतं. मागे उरलेला राडारोडा त्याला उचलायचा होता. पण त्यासाठी पाडकामाचा परवाना लागतो, आणि परवाना हवा असेल तर वर्षाच्या दुसऱ्या हप्त्याचा मालमत्ता कर आधी भरा, असं उत्तर मिळालं. हा हप्ता एरवी ऑक्टोबरच्या मध्यावर भरायचा असतो. थोडक्यात, इमारत राहिली नव्हती, पण तिचा कर आगाऊ भरल्याशिवाय तिची राखही हलवता येत नव्हती. आपल्याकडे अशा वेळी म्हणतात, पिंडाला कावळा शिवेना.

मी याला भुताटकीचं प्रकरण म्हणतो. यात उलट्या पायांचं कोणी नाही, की मध्यरात्री फळीवरून आपोआप पडणारी पुस्तकंही नाहीत. पण जे संपलंय ते संपल्याची नोंद व्हायला तयार नाही आणि जिवंत माणसांकडे सारखं काहीतरी मागत राहतं, याला दुसरा शब्द मला तरी सुचत नाही.

दुकानाचं नाव ‘अंकल ह्यूगोज सायन्स फिक्शन बुकस्टोअर’. डॉन ब्लायली नावाच्या माणसाने कायद्याचं शिक्षण घेत असताना मार्च १९७४ मध्ये ते सुरू केलं आणि वकिली बाजूलाच राहिली. १९८० मध्ये रहस्यकथांसाठी ‘अंकल एडगर्स मिस्टरी बुकस्टोअर’ निघालं आणि पुढे दोन्ही काका एकाच छपराखाली आले. विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार ह्यूगो गर्न्सबॅकच्या नावाचा, रहस्यकथांचा एडगर पुरस्कार एडगर अ‍ॅलन पोच्या नावाचा, त्यामुळे या काकांची ओळख वाचकांना वेगळी सांगावी लागत नसे. फक्त विज्ञानकथा विकणारी स्वतंत्र दुकानं अमेरिकेत एकामागोमाग बंद पडत गेली, आणि ह्यूगोज त्यांतलं सर्वांत जुनं टिकलेलं दुकान म्हणून ओळखलं जायचं. आग लागली तेव्हा ते ४६ वर्षांचं होतं.

इथे धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नव्या पुस्तकांचं दुकान आणि जुन्या पुस्तकांचं दुकान बाहेरून सारखंच दिसतं, पण आतून हे दोन वेगळे धंदे आहेत. नवं पुस्तक वितरकाकडून येतं. खपलं नाही तर बहुतेक वेळा परत जातं आणि त्याची रक्कम खात्यावर जमा होते. फळी रिकामी झाली तर एका ऑर्डरीत पुन्हा भरते. जुन्या पुस्तकाला असा कारखाना मागे नसतो. कोणीतरी घर बदलतं, कोणाचे वडील जातात, कोणाला पैशांची निकड लागते, तेव्हा खोकी दुकानात येतात. दुकानदार एकेक प्रत उचलतो, मलपृष्ठ बघतो, कणा वाकवून बघतो, मनात भाव ठरवतो आणि निम्मी खोकी परत करतो. ही निवड ४६ वर्षं रोज चालली की जे साचतं त्याला नुसता साठा म्हणणं जिवावर येतं. ह्यूगोजमध्ये नवी-जुनी दोन्ही पुस्तकं होती, लेखकांच्या सह्या असलेल्या प्रती होत्या. विम्याचा कागद यातल्या नव्या पुस्तकाची किंमत बरोबर सांगू शकतो. १९६०च्या दशकात छपाई बंद झालेल्या पाऊणशे सेंटच्या पॉकेटबुकपुढे तो गप्प बसतो.

आता साल बघू. ६ मार्चला मिनेसोटा राज्यात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. २७ मार्चच्या रात्रीपासून लोकांना घरात राहण्याचा हुकूम आला. दुकानांना निम्म्या गर्दीच्या अटीवर दार उघडायची परवानगी मिळाली ती १८ मे रोजी. म्हणजे दुकानदारांना श्वास घ्यायला आठवडा मिळाला. २५ मेच्या संध्याकाळी शिकागो अ‍ॅव्हेन्यू आणि ३८व्या रस्त्याच्या चौकात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर डेरेक शोव्हिन या गोऱ्या पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून ठेवला आणि त्यात फ्लॉइड यांचा जीव गेला. वीस डॉलरची एक नोट खोटी असल्याच्या संशयावरून तिथे पोलिसांना बोलावलं होतं. सतरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर चित्रण केलं नसतं, तर पोलिसांच्या पहिल्या निवेदनातला ‘वैद्यकीय प्रसंग’च आपण वाचला असता.

तो चौक आणि ह्यूगोज एकाच रस्त्यावर आहेत. मधलं अंतर साधारण दोन किलोमीटर, सरळ उत्तरेला. लेक स्ट्रीट हा दक्षिण मिनियापोलिसमधला दुकानांचा मुख्य रस्ता. तो ओलांडला की थोड्याच अंतरावर दुकान होतं. फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर निदर्शनं झाली, त्यांची दंगल झाली, आणि २८ मेच्या रात्री लेक स्ट्रीटजवळची तिसऱ्या विभागाची पोलीस चौकी पोलिसांनी सोडून दिली आणि लोकांनी ती पेटवली. २९ मेला रात्री आठपासून संचारबंदी लागली. ह्यूगोज जळालं ते त्या संचारबंदीच्या पहिल्याच रात्री, ३० मेच्या पहाटे.

चोरघंटी बघणाऱ्या कंपनीचा ब्लायली यांना फोन आला आणि ते गाडी काढून निघाले. पोचले तेव्हा पुढच्या बाजूने आग लागलेली होती. ते मागच्या दाराकडे गेले, हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन. दार उघडल्याबरोबर जाड काळा धूर अंगावर आला आणि आत पाऊल टाकणंच शक्य झालं नाही. यावर खरं तर आणखी लिहायला नको. पण त्या नळकांड्यापाशी मी अडतो. एका माणसाच्या हातात काही किलोंचं नळकांडं, आणि दाराच्या आत ४६ वर्षं.

पुस्तक जळतं कसं, हेही सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. सुटा कागद भसकन पेटतो, पण मिटलेलं पुस्तक तसं पेटत नाही. पानांच्या मधे हवा जात नाही, त्यामुळे कडा काळ्या पडतात, कोळशाचं एक आवरण तयार होतं आणि आतला मजकूर कधी कधी वाचण्याजोगा राहतो. खच्चून भरलेली फळी तर लाकडाच्या ओंडक्यासारखी हळूहळू धुमसते. उरलेल्यांचं काम पाणी करतं. कागद पाणी पितो, फुगतो, फळ्या फाकतात, आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. ग्रंथालयांमध्ये असं झालं तर भिजलेली पुस्तकं ताबडतोब गोठवतात आणि मग निर्वात खोलीत सुकवतात. छप्परच खाली आलं असेल तर त्या सगळ्याचा प्रश्न येत नाही. अशा ढिगातून कधी कधी अर्धवट पानं वाऱ्यावर उडत गल्लीत येतात, आणि कोणीतरी ती उचलून वाचतंच. सुटं पान दिसलं की ते न वाचता पुढे जाता येत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. माणूस मेला ती घटना वेगळी आणि दुकान जळालं ती वेगळी. दोन्ही एका ताजव्यात घालणारे त्या वर्षी दोन्ही बाजूंना भेटत होते. एक जण म्हणायचा, दुकानांचं काय, विमा आहे. दुसरा दुकानांच्या राखेवरून मूळ खुनाकडे बघायचंच टाळायचा. पहिल्याचं विम्याबद्दलचं गणित चूक होतं, दुसऱ्याचं सगळंच.

विम्याचं गणित असं. अमेरिकेतल्या नेहमीच्या व्यावसायिक पॉलिसीत दंगलीचं नुकसान धरलेलं असतं. लढाई धरलेली नसते. त्या वर्षी देशभरात दंगलींचे दावे एक ते दोन अब्ज डॉलरच्या घरात जातील असा विमाक्षेत्राचा अंदाज होता, १९९२च्या लॉस एंजेलिसपेक्षाही जास्त. साथीमुळे बंद राहिलेल्या दुकानांना मात्र बहुतेक ठिकाणी नकारच मिळाला, कारण ‘प्रत्यक्ष भौतिक नुकसान’ दाखवता येत नव्हतं आणि विषाणू वगळणारं कलम आधीच छापलेलं होतं. त्यामुळे त्या वसंतात असा उलटा न्याय झाला की दुकान नुसतं बंद राहिलं तर हात रिकामे, जळालं तर काहीतरी पदरात पडायची शक्यता. त्या ‘काहीतरी’लाही मर्यादा होत्या. पाडकाम आणि राडारोडा उचलण्यासाठी पॉलिसीत वेगळी रक्कम ठरलेली असते. त्या काळच्या स्थानिक बातम्यांत ती पंचवीस-पन्नास हजार डॉलर दिसते, तर कंत्राटदारांचे अंदाज दोन लाखांच्या घरातले. जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून राखसुद्धा घातक कचरा धरून उचलावी लागते.

आणि वर तो कर. नदीच्या पलीकडचं सेंट पॉल शहर अशी आगाऊ वसुली करत नव्हतं. म्हणजे नियम काही आभाळातून पडलेला नव्हता. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे: कर थकवून इमारत पाडून पळणारे मालक असतात, त्यांच्यासाठी तो केलेला. पण फाईलला जळालेली इमारत आणि पाडायला काढलेली इमारत यांतला फरक कळत नाही. बातमी छापून आली, ओरड झाली, तेव्हा मिनियापोलिसने ही अट मागे घेतली. तोवर उन्हाळा बराच सरला होता आणि ढिगाऱ्यांवरून लोक वाट काढत ये-जा करत होते.

याच लेक स्ट्रीटच्या परिसरात दुसरं एक पुस्तकांचं दुकान आहे, ‘मून पॅलेस बुक्स’. जळालेल्या पोलीस चौकीपासून चालत दोन-तीन मिनिटांवर. आजूबाजूला आगी लागल्या आणि हे दुकान वाचलं. त्याच्या खिडक्यांवरच्या फळ्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की पोलीस खातंच रद्द करा. त्या दिवसांत सगळ्या रस्त्यावर प्लायवूडच्या फळ्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांवर काय काय लिहिलेलं होतं: मालक कृष्णवर्णीय आहे, मालक स्थलांतरित आहे, वर लोक राहतात. मला त्या फळ्या बघून दारावरच्या लिंबू-मिरचीची आठवण झाली. पुढे या चित्रं काढलेल्या शेकडो फळ्या गोळा करून जपून ठेवायचं काम सुरू झालं, ते योग्यच झालं.

पण मून पॅलेस त्या अक्षरांमुळे वाचलं आणि ह्यूगोज अक्षरं नव्हती म्हणून गेलं, असं जे सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. अशा रात्री आगीचं तर्कशास्त्र फार साधं असतं. वारा कुठला, शेजारची भिंत कोणाची, गल्लीत कोणी जागं होतं का, बंब येऊ शकला का. त्याच भागात मूलनिवासी तरुणांना माध्यमांचं शिक्षण देणाऱ्या ‘मिगिझी’ या संस्थेची इमारतही जळाली, आणि तिच्याइतकं ‘योग्य बाजूचं’ दुसरं कोण दाखवणार? ताईत बांधलेल्या माणसाला साप चावला नाही की श्रेय ताईताला जातं. चावला तर ताईताबद्दल कोणी बोलत नाही.

त्याच आगींत दोन टपाल कार्यालयंही गेली. ही गोष्ट बातम्यांत एका ओळीत आटपली, पण पुस्तकविक्रेत्याच्या दृष्टीने ती मोठी आहे. साथीत दार बंद असताना दुकानं जगली ती टपालावर.

याच आठवड्यांत, आणि हे त्या वर्षाचं खास वैशिष्ट्य, देशभर वर्णभेदावरच्या पुस्तकांची मागणी अशी उसळली की काही मोजक्या पुस्तकांच्या प्रती वितरकांकडेही संपल्या. दुकानांकडे शेकडो मागण्या, सगळ्या त्याच पाच-सहा नावांच्या, आणि छापखाने धावतायत. ज्या शहरामुळे हे सुरू झालं तिथे पुस्तकांचं एक दुकान राखेत होतं, आणि जी हवी होती ती पुस्तकं कोणाकडेच नव्हती.

आता मूळ भुताकडे येतो. ‘ह्यूगोज’ दर तिमाहीला एक वार्तापत्र काढायचं. त्यात येणाऱ्या पुस्तकांची यादी, कोणता लेखक सही करायला येणार, आणि ब्लायली यांचं एक सदर, ज्याच्या नावाचा मराठी अर्थ सरळ सांगायचा तर ‘धंदा कसा चाललाय?’ दुकान जळालं आणि वार्तापत्र सुरूच राहिलं. त्यात आगीची हकिकत आली, विमा आला, परवाने आले. दुकान नाही, फळी नाही, गल्ला नाही, आणि दर काही महिन्यांनी लोकांना पत्र येतंय की धंदा कसा चाललाय.

मला हे सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटतं. दुकान म्हणजे काय, तर इमारत, माल, नाव आणि पत्त्यांची यादी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी जळतात. उरलेल्या दोन मालकाच्या घरी असतात, किंवा कुठल्यातरी संगणकात, किंवा गिऱ्हाइकाच्या डोक्यात. दुकानासाठी उघडलेल्या निधीत लाखाच्या वर डॉलर जमले. ब्लायली यांनी घरूनच पुस्तकं टपालाने विकायला सुरुवात केली. आणि लोक पुस्तकं देऊ लागले. वर सांगितलं ते इथे आठवा: जुन्या पुस्तकांच्या धंद्याला लोकांच्या घरातली फळी हाच एकमेव कारखाना. त्यातली काही पुस्तकं कधीकाळी त्याच दुकानातून गेलेली असणार, आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या भावासकट. गेलेलं माणूस स्वप्नात येऊन आपल्याच वस्तू मागतं, अशा गोष्टी लहानपणी ऐकल्या होत्या. इथे जिवंत माणसं न मागता आणून देत होती.

त्याच शहरात स्वतःचं पुस्तकांचं दुकान असलेल्या एका मूलनिवासी लेखिकेने पुढच्याच वर्षी अशाच एका दुकानाची कादंबरी लिहिली. तिच्यात एक नेहमीचं गिऱ्हाईक मरतं आणि तरी दुकानात येणं सोडत नाही. समीक्षकांनी त्यात रूपक शोधलं. ज्यांनी गल्ल्यावर दिवस काढलेत त्यांना ती कल्पना फारशी अद्भुत वाटणार नाही. रोज चार वाजता येणारा, काही न घेणारा, पुस्तकं चुकीच्या जागी ठेवून जाणारा माणूस यायचा बंद झाला, की कित्येक महिने चार वाजता मान आपोआप दाराकडे वळते.

या शहराच्या कागदांत आणखी जुनी भुतं आहेत, आणि त्यांचा उल्लेख टाळला तर प्रकरण अर्धवट राहील. १९१० पासून मिनियापोलिसच्या घरांच्या खरेदीखतांत अशी कलमं घातली जात होती की ही मालमत्ता गोऱ्या नसलेल्या माणसाला विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायालयं ती अमलात आणणार नाहीत. १९५३ मध्ये राज्याने नवी कलमं बंद केली. १९६८ मध्ये ती देशभर बेकायदा ठरली. कागदावर मात्र ती तशीच बसून राहिली. २०१६ पासून मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रकल्पाने जुनी खतं चाळून त्यांचा नकाशा केला, तेव्हा अनेकांना आपण राहतो त्या घराच्या कागदात काय दडलंय ते पहिल्यांदा कळलं. २०१९ च्या कायद्याने मालकाला ते कलम रीतसर झटकून टाकायची सोय दिली. लक्षात घ्या, पुसायची सोय दिलेली नाही. मूळ ओळ राहते, तिच्याखाली ‘हे आम्हाला मान्य नाही’ अशी नोंद होते.

ह्यूगोजच्या जागेशी या कलमांचा थेट धागा मला जोडायचा नाही. पण कोण कुठे राहिलं, कोणत्या वस्तीतून महामार्ग गेला, कुठल्या रस्त्यावर पोलिसांची गस्त कशी असते, हे त्या कागदांनी बऱ्याच अंशी ठरवलं. संतापाचं मूळ शोधताना लोक २५ मेच्या संध्याकाळपाशी थांबतात. दप्तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. आणि एकाच शहराचं दप्तर जळालेल्या इमारतीचा कर लक्षात ठेवतं, रद्द झालेलं कलमही लक्षात ठेवतं. दप्तराला मेलेलं आणि जिवंत यांत फरक करायची सवयच नसते, तो फरक प्रत्येक वेळी कोणीतरी अर्ज करून सांगावा लागतो.

पुढचं थोडक्यात. शोव्हिनला २० एप्रिल २०२१ रोजी दोषी ठरवलं गेलं आणि जूनमध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. ३८व्या रस्त्याचा चौक लोकांनी अडवून स्मारकासारखा ठेवला होता, तिथली वाहतूक सुरू करायला शहराला त्याच महिन्यात हात घालावा लागला. ब्लायली जुन्या जागेवर परतले नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘अंकल ह्यूगोज’ आणि ‘अंकल एडगर्स’ पूर्व ३१व्या रस्त्यावर, रंगीत काचकाम करणाऱ्या एका जुन्या दुकानाच्या इमारतीत पुन्हा उघडले. सत्तरी गाठलेल्या माणसाने निवृत्त व्हायला याहून चांगलं निमित्त कोणतं शोधावं, असं वाटून जातं. त्याने उलट नवी जागा घेतली.

ती नवी जागा कुठे आहे ते नकाशात पाहिलं आणि हसावं की काय, कळेना. शेजारी मून पॅलेस. आणि पलीकडे, हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या विभागाची जळकी पोलीस चौकी. दुकान उघडलं तेव्हा तीही तशीच उभी होती, कुंपण घातलेली, तिचं काय करायचं हे शहराला ठरवता येत नव्हतं. त्या तिमाहीतही वार्तापत्र निघालं, आणि त्यात ते सदर होतं.